भाड्याचे घर : सदनिका की रो-हाऊस?



मुलांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या, की आपल्या शहरांत सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. भाड्याने राहणारी कुटुंबे जून उजाडण्यापूर्वी, शाळा सुरू होण्याआधी नव्या घरात स्थिरावू पाहतात. या दिवसांत माझ्या टपालात आहार-व्यायामाच्या प्रश्नांसोबत घराविषयीचेही प्रश्न येतात. आरोग्याच्या पाक्षिकाला असे प्रश्न का विचारावेत, असे कोणास वाटेल. परंतु घरातील वृद्ध आणि लहान मुले दिवसाचा बहुतेक वेळ जेथे घालवतात, त्या जागेच्या पायऱ्या, तिची ओल आणि तेथील एकांत यांचा प्रकृतीवर होणारा परिणाम औषधांपेक्षा कमी नसतो.

या वेळी पुण्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या आणि त्यांचे पती दोघेही नोकरी करतात. घरी ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत. गुडघ्यांची झीज आणि रक्तदाब हे त्यांचे जुने सोबती. चार वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात श्वासाची घरघर होते. सध्याच्या घराचा करार मेअखेर संपतो आणि मालकांना घर परत हवे आहे. पाहण्यात दोन घरे आहेत. एक सोसायटीतील सहाव्या मजल्यावरची सदनिका, दोन लिफ्ट असलेली. दुसरे थोडे दूरचे रो-हाऊस. खाली दिवाणखाना व स्वयंपाकघर, जिन्याखाली छोटे शौचालय, वर दोन शयनगृहे व स्नानगृह. पुढे चार पावलांचे अंगण. भाडे दोन्हींचे जवळपास सारखेच.

त्या लिहितात : “सासूबाईंना रो-हाऊस हवे आहे. त्या म्हणतात, ‘जमिनीला पाय लागले की मला बरं वाटतं. तुळस लावीन, दारात बसेन.’ ह्यांना सदनिका सुरक्षित वाटते. गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. आपणच सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या घरातूनच सुचते.

आमच्या घरातील बारा पायऱ्या

काही वर्षांपूर्वी आम्हीही नाशिकला एक रो-हाऊस भाड्याने घेतले होते. वडिलांना बागेची हौस होती, म्हणून त्यांच्याचसाठी घेतले असे आम्ही सर्वांना अभिमानाने सांगत असू. झोपण्याच्या खोल्या वर होत्या. प्रारंभी वडील पहाटे खाली येत, जास्वंदीला पाणी घालत आणि फाटकापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत. पुढे गुडघा दुखू लागला. मग ते एकदाच, जेवणापुरते खाली येऊ लागले. त्यानंतर “माझं ताट वरच पाठव” असे म्हणू लागले. आम्ही ताट वर पाठवले आणि आपण त्यांची सेवाच करीत आहोत अशी समजूत करून घेतली.

वर्ष सरता सरता त्यांचे सारे जग एका खोलीत मावू लागले होते. बाग त्यांना खिडकीतून दिसे. पायांतील शक्ती उतरली ती पुन्हा पुरती भरून आली नाही. कारण वृद्धापकाळी स्नायू वापराविना झपाट्याने क्षीण होतात. दोष घरमालकाचा नव्हता. बारा पायऱ्या पहिल्या दिवसापासून तेथेच होत्या. आम्ही घर पाहिले ते आमच्या पायांनी. वडिलांच्या पायांनी पाहिले नाही.

त्यामुळे ‘सदनिका बरी की रो-हाऊस बरे’ या प्रश्नाला माझ्यापाशी सरसकट उत्तर नाही. घरात सर्वाधिक वेळ कोण असते, आणि त्या व्यक्तीचा चोवीस तासांचा दिवस या घरात कसा जाईल, एवढेच मी आता विचारते.

पायऱ्या : कोणाला व्यायाम, कोणाला शिक्षा

तिशी-चाळिशीतील निरोगी माणसाला घरातील जिना ही देणगीच आहे. दिवसातून दहा वेळा चढ-उतार केली तर मांड्यांचे स्नायू आणि हृदय दोहोंना व्यायाम घडतो. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाचा हिशेब मात्र निराळा आहे. जिना चढताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, आणि उतरताना तो त्याहूनही थोडा वाढतो. पुष्कळ रुग्ण म्हणतात, “चढायचं काही नाही हो, उतरताना जीव जातो.” ते अगदी खरे असते.

आता पत्रातील सासूबाईंचा दिवस मांडून पाहू. सकाळी उठून खाली, स्नानासाठी वर, पुन्हा खाली, दुपारी विश्रांतीला वर, चहाला खाली, रात्री निजायला वर. जिना सतरा पायऱ्यांचा, असे भगिनींनी कळवले आहे. म्हणजे रोज ५१ पायऱ्या चढणे आणि ५१ उतरणे. चष्मा, औषध, जपमाळ वर राहिली तर होणारी फेरी यात धरलेली नाही. शिवाय रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या काही जणांना अंथरुणातून एकदम उठल्यावर भोवळ येते. रात्री लघवीसाठी उठलेल्या, अर्धवट झोपेतील माणसाच्या खोलीलगतच जिन्याचे तोंड असणे हा धोका आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे चालता येत नाही.

जिना पाहताना मोजपट्टी सोबत न्यावी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे निवासी घरात पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. जागा वाचवण्यासाठी बांधलेले अरुंद, वळणाचे जिने या मापात नेहमीच बसतात असे नाही. कठडा सलग आहे काय, दिव्याची कळ जिन्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे आहे काय, हेही पाहावे.

उंचीचा हिशेब

येथवर वाचून सदनिका निःशंक घ्यावी असे वाटेल, तसेही नाही. लिफ्ट चालू असेतोवरच सहावा मजला सोपा. वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटरची जोड आहे काय, हे सोसायटीच्या कार्यालयात नव्हे, तेथे राहणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारावे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते काय, हे स्वतः पाहावे. पुष्कळ इमारतींत ते मावत नाही आणि रुग्णाला खुर्चीवर बसवून न्यावे लागते. रो-हाऊसच्या वळणाच्या जिन्यातही हीच अडचण येते, हे विसरू नये.

कॅनडातील टोरांटो परिसरात झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी हृदयक्रिया बंद पडलेल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांची त्यात पाहणी होती. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के रुग्ण वाचून रुग्णालयातून घरी गेले. तिसऱ्या व त्यावरील मजल्यांवर हे प्रमाण २.६ टक्के होते. तिकडे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणजे त्यांचा तिसरा तो आपला दुसरा. तेथील रुग्णसेवा आणि आपली सेवा यांत अंतर आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. मात्र त्यातील मुद्दा कोठेही खरा ठरावा असा आहे : रुग्णवाहिका फाटकाशी येणे आणि मदत रुग्णाच्या उशाशी पोहोचणे यांत काही मिनिटे जातात, आणि ती मिनिटे मोलाची असतात. म्हणून एकाच सोसायटीत सहावा आणि पहिला असे दोन्ही मजले मिळत असतील, तर वृद्धांच्या कुटुंबाने दृश्याचा मोह सोडून पहिला घ्यावा.

चार वर्षांच्या मुलासाठी उंचीचा धोका वेगळा. गॅलरीच्या कठड्यातील फटी चार इंचांहून रुंद नसाव्यात. आडव्या गजांचा कठडा मुलांना शिडीच वाटते. खिडकीखाली पलंग, खुर्ची किंवा मोठी कुंडी ठेवू नये. खिडक्यांना जाळ्या नसतील तर त्या बसवून मगच राहायला जावे, ‘नंतर बघू’ म्हणू नये. सर्वांत वरच्या मजल्याची सदनिका असेल तर आणखी एक गोष्ट : दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. वैशाखात वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना ती सोसत नाही. हीच तक्रार रो-हाऊसच्या वरच्या खोल्यांनाही लागू आहे.

ओल, डास आणि अंगण

अंगण हे सुख आहे. सकाळचे कोवळे ऊन, मातीत घालवलेला अर्धा तास, शेजारणीशी दोन शब्द, यांचे मोल मी जाणते. पण जमिनीलगतच्या घराची काही देणी असतात, ती आधी समजून घ्यावीत.

पहिले देणे ओलीचे. एप्रिलमध्ये घर पाहताना पावसाळा दिसत नाही, त्याच्या खुणा मात्र दिसतात. भिंतीच्या तळाशी फुगलेला रंग, बोटाला लागणारी लोण्याची पांढरी भुकटी, कपाट उघडताच येणारा कुबट वास, किंवा चार भिंतींपैकी एकाच भिंतीला दिलेला ताजा रंग, या खुणा ओळखाव्यात. ओलसर भिंतीवर बुरशी धरते आणि दमट घरात धुळीतील सूक्ष्म कीटकही वाढतात. श्वासाची घरघर होणाऱ्या मुलाला हे दोन्ही त्रासदायक ठरतात. ज्या खोलीत मूल निजणार, त्या खोलीला समोरासमोर खिडक्या असतील तर उत्तम. सदनिकेतही स्नानगृहाला लागून असलेली शयनगृहाची भिंत हात लावून पाहावी.

दुसरे देणे डासांचे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. रो-हाऊसमध्ये कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरील टाकीचे झाकण, जमिनीखालची टाकी, पागोळ्यांची पन्हळ हे सारे आपल्यालाच पाहावे लागते. सोसायटीत हे काम वाटून घेतलेले असते, मात्र आपल्या गॅलरीतील कुंडी तेथेही आपलीच असते.

रो-हाऊस शहराच्या कडेला, शेताला किंवा मोकळ्या जागेला लागून असेल तर सापांचा विचार भिऊन नव्हे, सावधपणे करावा. दाराखालची फट बंद करावी, अंगणात विटा-लाकडांचा ढीग ठेवू नये, रात्री विजेरीविना बाहेर पडू नये. मण्यार रात्री वावरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. म्हणून अशा घरी पलंगावर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून निजावे.

दुपारचा एकांत

घर पाहायला आपण रविवारी सकाळी जातो. त्या वेळी सगळे घरी असतात आणि कोणतेही घर भरलेले वाटते. वृद्धांचा खरा दिवस म्हणजे मंगळवारची दुपार. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत किंवा पाळणाघरात. अशा दुपारी या घरातून हाक मारली तर ती कोणाला ऐकू जाईल?

रो-हाऊसच्या रांगेत शेजार जुना आणि बोलका असेल, तर तेथली दुपार एखाद्या वाड्यासारखी जाते; पण निम्मी घरे बंद असतील, तर फाटकाला आतून कुलूप लावून बसलेल्या आजी एकट्याच. सदनिकेत लिफ्टचा रखवालदार असतो, समोरचे दार चार फुटांवर असते, खाली बाकावर आजी-आजोबांचा कट्टा भरतो. पण कोणी आग्रहाने खाली नेले नाही, तर तीच सदनिका सहाव्या मजल्यावरचा पिंजरा होते. एकटेपणाने भूक मंदावते, झोप उडते, औषधे विसरली जातात. पुढे आपण त्याला ‘वयोमान’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की करारावर सही करण्यापूर्वी ज्यांना दिवसभर घरात राहायचे आहे त्यांना स्वतः घर दाखवावे. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे दाखवून त्यांचा होकार घेऊ नये. आठवड्यातील कामाच्या एका दुपारी त्यांना तेथे घेऊन जावे, तासभर बसावे, शेजारच्या दोन घरांत बोलावे.

कागदावर काय असावे

भाडेकरूचे आरोग्य पुष्कळदा करारातील एका ओळीवर अवलंबून असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार करताना पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात : गळती अथवा ओल निघाल्यास दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावी, स्नानगृहात व शौचालयात आधाराचे दांडे, जिन्याला दुसरा कठडा आणि खिडक्यांना जाळ्या बसवण्याची परवानगी, पाण्याच्या टाक्यांची सफाई कोणाकडे, आणि घर प्रकृतीला मानवले नाही तर किती दिवसांच्या सूचनेने सोडता येईल. आधाराचा दांडा बसवायला भिंतीला भोके पाडावी लागतात. ‘मालक काय म्हणतील’ या संकोचापायी तो राहून जातो आणि एके दिवशी ओल्या फरशीवर पाय घसरतो.

खर्च मोजताना भाड्याच्या आकड्यावर थांबू नये. रो-हाऊसमध्ये पाण्याचा टँकर, इन्व्हर्टर, रिक्षाचे वाढीव भाडे. सदनिकेत देखभाल शुल्क कोण भरणार, हे आधी विचारावे. गृहनिर्माण संस्था सदनिका भाड्याने दिल्याबद्दल मालकाकडून जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ते आपल्या माथी मारले जात असेल तर हे ठाऊक असावे.

त्या भगिनींना माझे उत्तर

आपण पाहिलेले रो-हाऊस आहे त्या स्थितीत घेऊ नये. ते रो-हाऊस आहे म्हणून नव्हे. निजण्याची आणि स्नानाची सोय खाली नाही म्हणून. दिवाणखान्याच्या एका भागात पलंग लावून आडोसा करता आला, जिन्याखालच्या शौचालयात बसून स्नान करण्याइतकी जागा निघाली आणि मालकांनी तशी परवानगी दिली, तर मी माझे मत बदलेन. तळमजल्यावर एक शयनगृह असलेले दुसरे रो-हाऊस, किंवा त्याच सोसायटीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची सदनिका मिळते काय, हे मेअखेरपर्यंत जरूर शोधावे.

काहीच जमले नाही तर सहाव्या मजल्यावरची सदनिका घ्यावी. पण सासूबाईंचे म्हणणे हरले, असा त्याचा अर्थ होऊ देऊ नये. त्यांना घर मागायचे नव्हते, त्यांना दिवस मागायचा होता : पायाला जमीन, हाताला माती, दारात माणूस. तो दिवस सहाव्या मजल्यावर आपोआप मिळणार नाही, तो घडवावा लागेल. ऊन येणाऱ्या गॅलरीत तुळस त्यांच्याच हाताने लावावी. नातवाला शाळेच्या गाडीवरून आणण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. त्या निमित्ताने रोज ठरल्या वेळी खाली जाणे घडेल. संध्याकाळी वीस मिनिटे सपाट रस्त्यावर त्यांच्यासोबत चालावे. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञांकडून एकदा शिकून घ्यावेत. गुडघ्यांना त्यांचाच आधार असतो. आणि शेजारच्या दोन घरांत आपल्या घराची एकेक किल्ली व आपला क्रमांक पहिल्याच आठवड्यात द्यावा.

घर पाहायला जाताना सोबत न्यावयाची यादी

१. घरातील सर्वांत अशक्त व्यक्तीला निजण्याची, स्नानाची व शौचाची सोय एकाच पातळीवर आहे काय?

२. ती व्यक्ती दिवसातून किती पायऱ्या चढेल-उतरेल? कागदावर मोजावे.

३. लिफ्टला वीज नसताना पर्याय आहे काय? स्ट्रेचर येथून बाहेर कसे निघेल?

४. भिंतींच्या तळाशी व कपाटांच्या आत ओलीच्या खुणा आहेत काय?

५. खिडक्या, गॅलरी, गच्ची आणि पाण्याच्या टाक्या मुलांच्या दृष्टीने बंदिस्त आहेत काय?

६. दुपारी हाक मारली तर कोण येईल? त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

७. जवळचे रुग्णालय दुचाकीने नव्हे, रिक्षाने, संध्याकाळच्या गर्दीत किती मिनिटांवर आहे?

ही यादी घरातील तरुणांनी हातात धरावी. पण उत्तरे आजी-आजोबांना विचारून लिहावीत. आम्ही नाशिकला जाताना त्यांपैकी एकच प्रश्न वडिलांना विचारला असता, तरी खालच्या मजल्यावर एक खोली असलेले घर आम्ही शोधले असते, आणि जास्वंदीला पाणी घालायला ते आणखी काही वर्षे खाली आले असते.